दारापुढे थांबणारं गाणं

रनाळ्यात लग्नाची वरात नर्मदाबाईच्या दारापुढे आली की डीजे बंद व्हायचा. दुखवट्याच्या घरापुढे वाजंत्री थांबवायची ही गावची रीतच आहे, पण ती काही दिवसांपुरती. इथे नर्मदाबाईच्या पोरीचं, काजलचं, वर्षश्राद्ध होऊन गेलं तरी गाव थांबतच होतं. कारण वाजणारं गाणंच त्या पोरीचं होतं.

काजल मायसोबत मिरच्या वाळत घालायच्या पथारीवर देठ खुडायला जायची. खुडता खुडता बायका ओळीला ओळ जोडून काहीबाही म्हणत आणि काजल त्यात घसा ताणायची. मध्येच ठसका लागला की शिंकायची, सगळ्यांवर खेकसायची, आणि जिथे सुटलं होतं तिथूनच पुन्हा धरायची. गावातल्या धर्मेंद्रला अहिराणी गाण्यांचं भारी वेड. त्याने चाल बांधली आणि तिला मैत्रिणींसकट नंदुरबारच्या स्टुडिओत नेलं. ‘हात जयतस ते जयू दे वं, मन्ही मिरची लाल शे.’ हात जळतात तर जळू दे गं, माझी मिरची लाल आहे, असं ते गाणं. गाणं बाहेर येण्याआधीच काजल तापाने गेली.

आणि मग ते असं गाजलं की विचारू नका. हळदीत तेच, मजुरांच्या टेम्पोत तेच. कष्ट करणाऱ्यांचं गाणं म्हणून माणसं बेभान होऊन नाचायची.

फक्त नर्मदाबाईने ते कधी पुरतं ऐकलं नव्हतं. ती दिसली की मोबाइल खिशात जायचे. पथारीवर कुणी गुणगुणलं तर शेजारीण कोपराने ढोसायची. सगळेच इतके चांगले वागत होते की रागवायचीही सोय नव्हती. नर्मदाबाई रडली नव्हती, अजूनही रडत नव्हती. खायची, कामाला जायची, झोपायची. आत सगळं बधिर होतं. पोरीचा आवाज एकदा कानावर पडला तर काहीतरी हलेल, एवढीच तिला आशा होती, पण ‘लावा’ म्हणून सांगायला तोंड उघडत नव्हतं.

गावातल्या इंद्रसिंगच्या घरचं लग्न निघालं तेव्हा मात्र तिने उघडलं. वरात दारापुढे आली, आवाज बंद झाला, तशी ती ओट्यावरून उतरून गाडीपुढे उभी राहिली. डीजेवर धर्मेंद्रच होता.

“बंद नको करू, भाऊ. माले आखं ऐकनं शे.”

धर्मेंद्रने गाणं पहिल्यापासून लावलं.

नर्मदाबाई कान देऊन ऐकत राहिली. आवाज गोड होता, अगदी गुळगुळीत. मशीनने त्याची सगळी खरखर काढून टाकली होती. श्वास कुठे घेतला तेही कळत नव्हतं. टीव्हीवरची कोणतीही पोरगी असं गाऊ शकली असती. दुसरं कडवं गेलं, तिसरं गेलं. काजल आता येईल, मग येईल, म्हणून ती वाट बघत राहिली आणि गाणं संपलं.

धर्मेंद्रचे डोळे भरून आले होते. “वळखू येस ना आवाज, मावशी?”

त्याच्या तोंडाकडे बघून तिला खरं सांगवेना.

“येस ना, भाऊ. तिन्हाच शे.”

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मावशीचं मन मोकळं झालं, असं गावभर झालं.

पुढची वरात आली तेव्हा ती भाकरी थापत होती. आवाज जवळ आला तसे तिचे हात सवयीने थांबले, आता बंद होईल म्हणून. बंद झाला नाही. दारापुढे उलट जोरातच वाजला, माणसं हात उंचावून नाचली, कुणी तर दारातून तिला बघून हसून मानही हलवली, आणि वरात पुढे निघून गेली.

एवढे दिवस गाव तिच्या दारापुढे गप्प व्हायचं, तेवढा वेळ काजल घरात असायची. हे तिला आत्ता कळलं. आता तेही गेलं होतं, आणि ते तिने स्वतःच मागून घालवलं होतं. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने ती उलटली नाही.