खडूची बोट

"अहो, भिंतीतून आलात तुम्ही!"

मास्तर दोन हातांत दोन कप घेऊन जागच्या जागी थबकले. त्यांनी खाली पाहिलं. उजवा पाय खडूच्या रेषेच्या आत पडला होता, डावा अजून बाहेर होता. म्हणजे अर्धे मास्तर केबिनमध्ये आणि अर्धे नदीत.

"चहा गार होईल," ते म्हणाले.

"होऊ दे. नियम तुम्हीच केलेत ना? मागे फिरा आणि दारातून या."

मास्तर मुकाट्याने मागे फिरले, बोटीच्या मागल्या अंगाला वळसा घालून रेषेत जिथे दारापुरती जागा मोकळी सोडली होती तिथून आत आले आणि बायकोसमोरच्या बाकावर बसले. बाक म्हणजे घरातलीच लाकडी पेटी, वर गादी टाकलेली. बाईंनी कप घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "गारच आहे."

ही बोट मास्तरांनी बैठकीच्या खोलीत फरशीवर काढली होती, कापड बेतायच्या खडूने आणि अगदी खऱ्या मापात. सगळं सामान भिंतींना टेकवून ठेवलं होतं. पुढच्या निमुळत्या टोकात झोपायची जागा, तिथे घरचा पलंग. मध्ये समोरासमोर दोन बाकं. एका अंगाला स्वयंपाकाचा ओटा, दुसऱ्या अंगाला संडास. संडास इतका लहान, की कुठे तोंड करून बसायचं ते आत शिरायच्या आधीच ठरवावं लागलं असतं. तो अर्थातच नुसता काढलेला होता. खरी गरज पडली की बोट धक्क्याला लागत असे आणि माणसं घरच्या संडासात जाऊन येत असत.

शनिवारी संध्याकाळी दोघं बोटीवर चढत आणि सोमवारी सकाळी उतरत. गेले काही महिने हा परिपाठ चालू होता. प्रत्येकी एक पिशवी कपडे, प्यायला एक कॅन पाणी, एकच शेगडी. कमी जागेत, कमी पैशांत राहायची सवय आधी घरात व्हावी आणि मगच बोट घ्यावी, असा मास्तरांचा विचार. वर्षातले सहा महिने बोटीवर, सहा महिने घरी. शेजारपाजारचे खिडकीतून डोकावून हसत. हसोत बापडे. हसणाऱ्यांचे दात दिसतात, याखेरीज त्याने काही बिघडत नाही, असं मास्तरांचं मत होतं.

मास्तर गाद्या शिवत. नदीच्या धक्क्यावर हौशी लोकांच्या मोटरबोटी बांधलेल्या असत. त्यांच्यातल्या बाकांच्या, पलंगांच्या गाद्या आयुष्यभर त्यांनीच शिवल्या. बोटीत कुठलीच बाजू सरळ नसते, त्यामुळे हे काम येरागबाळ्याचं नव्हे. मास्तर माप घेत, बेतत, कापत; बाई पायाच्या मशीनवर शिवत. गादी तयार झाली की मास्तर ती खांद्यावर टाकून बोटीत नेत, जागी बसवत, चार ठिकाणी दाबून पाहत आणि उतरत. "बसून बघा की मास्तर," कोणी म्हटलं तर म्हणत, "आमचं काम उभ्यानं." अंथरूण पाहून पाय पसरावेत हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. सगळ्यांची अंथरुणं त्यांनीच तर शिवली होती. पण रिकाम्या केबिनमध्ये घटकाभर उभं राहिलं, की पाण्यावरचं ऊन छतावर हलताना दिसे, आणि त्यांना वाटे, इथे एकदा आपण दोघांनी बसावं, आणि कोणी उठवू नये.

एवढंच हवं होतं त्यांना. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

मुलगी एका कंपनीत हिशेब बघायची. एका रविवारी ती आली, आईच्या सांगण्यावरून दारातून बोटीवर आली आणि म्हणाली, "बाबा, खेळ पुरे. मला आकडे दाखवा."

"दाखवतो की. धक्क्याचं वर्षाचं भाडं चाळीस गाद्या."

"काय?"

"विमा बारा गाद्या. वर्षातून एकदा बोट पाण्याबाहेर काढून बूड खरवडायचं, रंगवायचं, त्याच्या अठरा. इंजिनाची देखभाल दहा."

मुलीने आईकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे नको बघू. इतकी वर्षं घरातली भाजीसुद्धा उशीच्या भावानं आणलीये ह्यांनी."

मास्तरांना नोटांची भाषा कधी उमगलीच नाही. अमुक इतके पैसे म्हटलं की ते डोकं खाजवत. तेवढ्यात किती गाद्या शिवाव्या लागतील हे कळलं, की वस्तू स्वस्त की महाग ते त्यांना हाताला जाणवे.

"आणि डिझेल?" मुलीने विचारलं.

"जोरात पळवली तर तासाला दोन गाद्या. रमतगमत नेली तर अर्धी."

"म्हणजे?"

"म्हणजे रमतगमत. आम्हाला कुठं गाडी पकडायचीये?"

"आणि अचानक काही मोडलं तर?"

"त्याला वीस गाद्या वेगळ्या धरल्यात. मागची खोली सहा महिने भाड्यानं जाईल, त्यात निम्मं निघतं. उरलेलं मी घरच्या सहा महिन्यांत शिवीन. बोटीची किंमत आपल्या शिलकीत बसते. एवढ्यात भागतं. हवं तर नोटांत करून बघ."

मुलीने फोनवर बराच वेळ आकडेमोड केली. मग फोन पालथा ठेवला. "हिशेब बरोबर आहे," ती म्हणाली. "हेच तर वाईट आहे. आता नाही कशाला म्हणू?"

मास्तर असे काही हसले, की बाईंनी नजर दुसरीकडे वळवली. इतकं हसू त्यांच्या चेहऱ्यावर पाहायची सवय नव्हती.

बोटीवरच्या संध्याकाळी लांब असत. दिवा लावायची घाई नसे. बाई उशीला टेकून विचारत, "आज कुठं आहोत आपण?"

"बांबूच्या बेटाशी," मास्तर सांगत. "वळणावर नांगर टाकलाय. काठावर एक बगळा आहे, मघापासून हललेला नाही."

"मासा मिळाला का त्याला?"

"बघतोय अजून."

शेजारच्या घराचा पाण्याचा पंप सुरू होई, आणि तो दूरवरून येणाऱ्या दुसऱ्या बोटीचा आवाज होऊन जाई. तिची लाट येऊन पोचेपर्यंत दोघं गप्प राहत. मास्तरांना खरोखर वाटे, की फरशी हलकेच वर आली आणि खाली गेली. छतावर हलणाऱ्या उन्हाचं त्यांनी एकदा बाईंना सांगितलं होतं. पुढच्या रविवारी मास्तर जागे झाले तर छतावर ऊन हलत होतं. बाईंनी पाण्याने भरलेला पसरट टब खिडकीत ठेवला होता आणि आपण त्या गावच्याच नाही अशा थाटात ओट्यापाशी उभ्या होत्या. पडल्या पडल्या मास्तर बराच वेळ वर पाहत राहिले आणि त्यांना वाटलं, बोट नाही मिळाली तरी चालेल. मग लगेच वाटलं, नाही, मिळायलाच हवी.

बोट विकत होते ते कॅप्टन. कॅप्टन हे नुसतं म्हणायला. आयुष्यभर त्यांनी लोकांचे दात काढले होते. टोपी निवृत्तीनंतर आली. आता डोळे अधू झाले म्हणून बोट विकायची होती. "मास्तर, दुसरा कोणी जास्त देतोय," ते म्हणाले होते, "पण तुम्ही माझ्या गाद्यांचे बाप. रविवारी वहिनींना घेऊन या. त्यांनी हो म्हटलं की बोट तुमची."

रविवारी बाईंनी ठेवणीतली साडी नेसली. मास्तरांनी इसाऱ्याचे पैसे पाकिटात घालून आतल्या खिशात ठेवले आणि वाटेत चारदा चाचपून पाहिले.

बोट धक्क्याला लागून उभी होती. पांढरी, किंचित पिवळसर पडलेली. मास्तर सवयीने कठड्याला धरून एका पावलात वर चढले आणि वळून म्हणाले, "ये."

बाई खाली उभ्या होत्या. बोटीची कड त्यांच्या मांडीपर्यंत येत होती. कड आणि धक्का यांच्यामध्ये पाणी होतं, आणि ते पाणी बोटीला जरा दूर नेई, जरा जवळ आणी. कडेपलीकडे, केबिनमध्ये उतरायला उभी शिडी होती. बाईंनी ते सगळं नीट पाहिलं.

"चढायचं कुठून?" त्यांनी विचारलं.

मास्तरांची नजर बाईंच्या पायांकडे गेली.

बाईंचा उजवा गुडघा वाकत नसे. म्हणून तर ते तळमजल्यावर राहायला आले होते, म्हणून तर घरातल्या उंबऱ्यावरसुद्धा मास्तरांनी उतरती फळी बसवली होती. गुडघा ते विसरले नव्हते. विसरले होते ती चढण. त्यांनी बोट बेतली होती जन्मभर कापड बेतलं तशी, सपाट जमिनीवर पसरून. लांबी आली, रुंदी आली, कोपरान् कोपरा आला. उंची खडूत येत नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या पायांना त्या पावलाची एवढी सवय झाली होती, की पायांनी ते डोक्याला कधी कळवलंच नव्हतं.

कॅप्टनांनी घाईघाईने एक खोकं आणून ठेवलं. बाईंनी खोक्यावर एक पाय ठेवला. कॅप्टन एका बाजूने, मास्तर वरून, दोघांनी आधार दिला. गुडघ्याने साथ दिली नाही. तेवढ्यात बोट हातभर दूर सरकली, बाईंचा चेहरा पांढरा पडला, आणि त्यांनी पाय मागे घेतला.

"तुम्ही बघून या," त्या हसून म्हणाल्या. "गाद्या बघा नीट. मी आहे इथं."

मास्तर खाली केबिनमध्ये उतरले. सगळं अगदी मापात होतं, बोटभरही फरक नव्हता. डोळे मिटून ते ओट्यापाशी जाऊ शकले असते. छतावर ऊन हलत होतं. जन्मात पहिल्यांदा ते आपल्या हातच्या गादीवर, बोटीत, बसले. शिवण अजून पक्की होती. ती बाईंची शिवण होती, त्या पायाच्या मशीनवरची. समोरचं बाक रिकामं होतं. हिशेबात सगळं धरलं होतं, इंजिन, बूड, विमा, वीस गाद्या अडीअडचणीच्या. जन्मभर मशीनवर शिवलेल्या गाद्यांनी बाईंचा गुडघा खाल्ला होता, तो तेवढा कुठेच धरला नव्हता.

ते वर आले तेव्हा कॅप्टन बाईंना सांगत होते, "पाळण्यासारखं एक यंत्र बसवता येतं, माणसाला उचलून आत सोडतं."

"किती गाद्या?" मास्तरांनी विचारलं. कॅप्टनांना कळलं नाही. त्यांनी आकडा सांगितला. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. तेवढ्या गाद्यांत दुसरी बोट आली असती.

बाई त्यांना बाजूला घेऊन गेल्या. "तुम्ही घ्या," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "महिन्यातून आठ दिवस जा. मी घरी राहीन. पोरगी येते, मला काय कमी आहे?"

"मी एकटा काय करू तिथं?"

"बसा. बगळे बघा."

"तुला कोण सांगणार मग?"

"आल्यावर सांगा." त्यांचे डोळे भरले. "माझ्यापायी नाही म्हणू नका हो. मला ते सहन व्हायचं नाही."

"तुझ्यापायी नाही," मास्तर म्हणाले. "माझंच माप चुकलं. वाईट वाटतंय, खूप वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण मला बोट नको होती नुसती. समोर तू हवी होतीस." इतकं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

त्यांनी कॅप्टनांना नमस्कार केला. "त्या दुसऱ्या माणसाला द्या," ते म्हणाले. "फक्त गाद्या उन्हात टाकू नका म्हणावं, रंग जातो."

परतीच्या वाटेवर पाकीट त्यांनी एकदाही चाचपलं नाही.

घरी आल्यावर बाई पलंगावर टेकल्या. मास्तरांनी बादलीत पाणी घेतलं, फडकं घेतलं. खडूच्या रेषा पुसायला हव्या होत्या; उद्यापासून ही पुन्हा पाहुण्यारावळ्यांनी बसायची खोली. बादली त्यांनी खिडकीशी ठेवली, पुढच्या टोकापाशी आले आणि पलंग सरकवायला वाकले. "ऊठ जरा," ते म्हणाले.

बाई उठल्या. पण बाहेर जाता जाता त्या मध्येच थांबल्या आणि वर पाहू लागल्या. खिडकीतून उतरतं ऊन बादलीत पडलं होतं, आणि पाणी अजून स्थिर झालं नव्हतं.

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्या दारातून रेषेबाहेर गेल्या, बोटीच्या मागल्या अंगाला वळसा घातला आणि दाराची मोकळी जागा सोडून रेषेपाशी उभ्या राहिल्या. साडी सावरली.

"अहो, हात द्या."

मास्तरांनी फडकं खाली ठेवलं. ते आतून आले, रेषेच्या अलीकडे पाय रोवून उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे केले.

"सांभाळून," ते म्हणाले. "खाली पाणी आहे."

बाईंनी त्यांचे हात घट्ट धरले आणि उजवा पाय उचलता येईल तितका वर उचलला.