कावळ्याला दिलेला शब्द

दहाव्याला नर्मदेच्या ग्वारीघाटावर पिंड मांडून बराच वेळ झाला, तरी कावळा शिवेना. कावळा नव्हता असं नाही. समोरच्या कडुलिंबावर बसून, जेवणाच्या सुट्टीतल्या बाबूसारखा तो खाली बघायचं टाळत होता.

भय्यासाहेबांना घाई होती. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा औषधांचा कारखाना, दोन शेडचा. मझौलीकडून येणाऱ्या औषधी मुळ्यांचा अर्क तिथे क्लोरोफॉर्ममध्ये काढत आणि उरलेलं मागच्या नाल्यात सोडत. नाल्यातल्या बेडकांनी तक्रार केली नाही. ते आधीच संपले होते. आज ज्यांचा दहावा होता ते रत्नाकर याच कारखान्याचे केमिस्ट. बोलण्याआधी दोनदा कोरडं खोकायचे. नुसतं पाणी आणि अल्कोहोल वापरून तोच अर्क त्यांनी काढून दाखवला होता. "वेळ जास्त लागून राहिला, रत्नाकर. दिवाळीनंतर पाहू," असं भय्यासाहेब दर दिवाळीला सांगत आले. या दिवाळीआधीच क्लोरोफॉर्मनं लिव्हर खाल्लं आणि रत्नाकर गेले.

"बाबा, आईला मी सांभाळीन," मुलगा म्हणाला. कावळा हलला नाही.

"शेताचं भांडण मी सोडलं, बाबा रे," भाऊ म्हणाला. कावळ्यानं पंख खाजवला.

"गुरुजी, दर्भाचा कावळा करून टाका ना," भय्यासाहेब हळूच म्हणाले. "शास्त्रात सोय आहे."

रत्नाकरांच्या पत्नी वसुधाबाईंनी मान वर केली. "सोय पाहता पाहताच तर ते गेले, भय्यासाहेब. कावळा खराच पाहिजे. त्यांचा जीव कशात अडकला, तुम्हाले ठाऊक आहे. बोला."

सगळा घाट भय्यासाहेबांकडे पाहू लागला.

"विचार करून राहिलो, रत्नाकर," भय्यासाहेब म्हणाले. कावळा एक फांदी वर गेला.

"समिती नेमतो." कावळ्यानं पाठ फिरवली.

"बरं बाबा! क्लोरोफॉर्म बंद. सगळं तुमच्या पद्धतीनं. चलो!"

कावळा उतरला, पिंडाला चोच लावली आणि नर्मदेवरून निघून गेला. वसुधाबाईंनी डोळे पुसले.

गाडीत बसताना मॅनेजर दिवाकरनं विचारलं, "मग भैया, बंद करायचं?"

"काहून? कावळ्याला काय स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं का?"

भय्यासाहेब रोज जेवणाआधी गच्चीवर घास ठेवत. दुसऱ्या दिवशी कावळा आला, घासाकडे पाहिलं, मग भय्यासाहेबांकडे पाहिलं, आणि टाकीवर जाऊन बसला. पोळी झाली, दहीभात झाला, शेवटी खव्याची जिलबी ठेवली. जिलबीला मुंग्या लागल्या. टाकीवर मात्र आता कावळ्यांची रांग बसू लागली. ओरडत नसत. नुसते बसत.

मग भर दुपारी जेवणाच्या खोलीत गोडसर वास येऊ लागला. क्लोरोफॉर्मचा तो वास भय्यासाहेबांना पाठ होता.

"मला तर वरणाचाच येऊन राहिला," विनताबाई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या.

कारखान्यात रत्नाकरांची कुलूपबंद प्रयोगशाळा होती. तिच्यावरून जाताना आतून खोकला आला. कोरडा. दोनदा. भय्यासाहेबांनी दिवाकरकडे पाहिलं; दिवाकर एकाएकी मोबाइलमध्ये गर्क झाला.

त्या दिवशी घास मोडता मोडता भय्यासाहेब थांबले. "विनता, माझ्या दहाव्याला कावळा नाही शिवला तर?"

"दर्भाचा करू," भात वाढत त्या म्हणाल्या. "घाटावर तुम्हीच तर म्हणाले, सोय आहे."

भय्यासाहेब हात धुऊन उठले आणि तडक रिछाईला गेले. पहिल्या शेडमधले क्लोरोफॉर्मचे ड्रम सील करून परत पाठवले, नाल्याचा पाइप बंद केला. रत्नाकरांच्या पद्धतीचा पहिला अर्क थेंबाथेंबानं गळू लागला. वेळ लागला. पण शेडमध्ये ओल्या मातीचा, मुळ्यांचा वास आला. तिथे असा वास येऊ शकतो हे भय्यासाहेबांना माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गच्चीवर दहीभात ठेवला आणि दाराआड उभे राहिले. कावळा उतरला. खाऊ लागला. भय्यासाहेबांचा जीव भांड्यात पडला.

बरोबर अर्धा भात खाऊन कावळा थांबला. उरलेला अर्धा त्यानं चोचीनं बाजूला सारला आणि दाराकडे पाहत बसला.

भय्यासाहेबांनी फोन लावला. "दिवाकर, दुसरी शेड पण. आजच."

"दुसरी पण? पण भैया, सांगितलं कोणी?"

उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कावळ्याला खोकला आला. कोरडा. दोनदा.