कासवाचा धडा

"थांब जरा. हेच पुन्हा वाच बघू," मी म्हणाले.

गुंडीने माझ्याकडे नाराजीने पाहिलं. एवढं घडाघडा वाचून दाखवल्यावर पुन्हा कशाला, असा तिचा चेहरा. शर्टाची वरची गुंडी सतत तोंडात, म्हणून तिला सगळा वर्ग गुंडी म्हणायचा. तिने ती तोंडातून काढली, पुस्तकावर बोट ठेवलं आणि सुरुवात केली.

"कासव बाजारात गेलं. त्याला छत्री हवी होती. दुकानात लाल छत्री होती. निळी छत्री होती." इथे पान संपलं. तिने पान उलटलं. "दुकानदार हसला. तो म्हणाला, अरे कासवा, तुझ्या पाठीवर तर घरच आहे! कासव म्हणालं, घर माझ्यापुरतं आहे. छत्रीत बेडकीलाही घेता येईल."

एक शब्द चुकला नाही. फक्त तिच्यासमोर जे पान होतं त्यावर दुकानदार नव्हताच. तिथे कासव आणि बेडकी एका छत्रीखालून चालले होते आणि चित्राखाली धड्याची शेवटची ओळ होती. दुकानदाराची मधली दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. ती चिकटली माझ्यामुळेच.

पहिलीच्या वाचनाची तपासणी दरवर्षी होते आणि दरवर्षी हाच धडा विचारतात. कुणीतरी कधीतरी तो ठरवला आणि मग बदलायचा कंटाळा केला. म्हणून पुस्तकं हातात आली की पहिल्याच आठवड्यात मी प्रत्येकाच्या पुस्तकात त्या धड्याच्या पानांवर कागदाची पट्टी चिकटवते. तपासणीच्या दिवशी सकाळी पट्ट्या काढायच्या. ज्याला वाचता येतं त्याला नवा धडाही येईलच, आणि ज्याला येत नाही त्याला अजून शिकवायचं आहे एवढं मला कळेल. साधी गोष्ट. मुलांना मात्र त्या पट्टीचं भारी कुतूहल. "बाई, आत भूत आहे?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. "भूतच आहे. वाचायला लागलं की पळून जातं," हे माझं ठरलेलं उत्तर. आज तपासणी, म्हणून सकाळीच पट्ट्या काढल्या होत्या; पण गुंडीच्या पुस्तकात डिंक जरा जास्त ओघळला होता.

"गुंडी, हा धडा तू आधी कुठे वाचलास?"

"कुठेच नाही. मला येतो."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणीतरी, "ए, सांगू नको ना! बाईंना सरप्राइज आहे!" त्याच्यावर तिसरं, "तूच सांगितलंस की आता!" आणि वर्गात एकच गलका झाला. त्या गलक्यातून मला कळायचं ते कळलं. महिनाभर मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे शाळा भरत होती. निवडक मुलांची. दुसरीच्या बाई एकेक ओळ सांगायच्या आणि मुलं त्यांच्या मागून म्हणायची. पहिलीच्या बाईंना शेवटी खूप आनंद होणार आहे, असं त्यांना सांगितलं होतं.

गुंडीला मागच्या आठवड्यापर्यंत दोनच अक्षरं जोडता येत होती. घ, र, घर. वेलांटी आली की ती अडायची, पण घाबरायची नाही. दाताखाली गुंडी धरून अक्षराकडे टक लावून बसायची. अजून महिनाभराने वाचेल असा माझा अंदाज होता. तेहतीस वर्षं मी हे अंदाज बांधत आले आहे.

दुसरीच्या बाई म्हणजे माझी झिपरी. कधीकाळी याच वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसायची, केस कायम डोळ्यांवर. त्या वर्षी सगळ्यात शेवटी वाचायला लागली ती. वर्ष संपायला चार दिवस उरले होते, बाकी मुलं मैदानावर होती, आणि ही एकटी माझ्या टेबलापाशी उभी राहून 'मगर' वाचून रडायला लागली. पुढे शिक्षिका होऊन याच शाळेत आली तेव्हा फळ्यावर सरळ ओळीत कसं लिहायचं, तेही तिने मलाच विचारलं. लोकांसमोर मी तिला बाई म्हणते. एकटी असली की झिपरी.

मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत थर्मासमधून चहा ओतत होती.

"या बाई. अर्धा घेता?"

"कासवाचा धडा तू पाठ करून घेतलास?"

तिने थर्मासचं झाकण सावकाश बसवलं. "फोडलं का कुणी? तरी मी म्हणत होते, या वर्षीची बॅच पोटात काही ठेवणारी नाही."

"हसू नकोस."

"हसत नाहीये, बाई. तुम्ही बसा तरी."

"किती जण?"

"अकरा. ज्यांना येणार नव्हतं तेवढेच. बाकीचे तुमचे वाचतात. खरंच छान वाचतात."

मी बसले नाही. "आणि मागच्या वर्षी?"

ती कपात बघत राहिली. कपातून वाफ येत होती, ती फुंकतही नव्हती.

"हे पाचवं वर्ष," ती म्हणाली.

ऑफिसच्या भिंतीवर ओळीने तपासणीच्या प्रमाणपत्रांच्या चार चौकटी आहेत. प्रत्येकीवर लिहिलंय की या शाळेच्या पहिलीतलं प्रत्येक मूल वाचतं. नवीन शिक्षिका आल्या की हेडसर त्यांना माझ्याकडे पाठवायचे, आणि मी त्यांना शांतपणे सांगायचे की घाई करू नका, थांबायला शिका, सगळी पोरं वाचतात. मला वाटायचं, म्हातारपणी कुठे हात बसला आपला.

"मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"बोलले असते तर करू दिलं असतंत? पाच वर्षांपूर्वी तुमची सहा मुलं राहिली होती, आठवतं? हेडसर तुम्हाला पहिलीवरून काढणार होते. म्हणाले, बाईंना आता भांडारात बसवू, वह्या-खडू वाटतील. मी म्हटलं, सर, पहिली त्यांच्याकडेच राहू द्या. तपासणीचं मी बघते."

"म्हणजे सरांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे, बाई." ती हे फार मायेने म्हणाली. "शिपाईमामा टाकीपाशी राखण करायचे. तुम्ही येताना दिसलात की खोकायचे."

शिपाईमामांना दोन वर्षं मी खोकल्याचं औषध आणून देत होते. ते प्रत्येक वेळी मुकाट्याने घ्यायचे.

"मी काही वाऱ्यावर सोडत नव्हते त्यांना," झिपरी पुढे म्हणाली. "दुसरीत माझ्याकडेच येतात ना. पहिले दोन महिने मी तेच करते. तुमच्याच पद्धतीने, एकेकाला जवळ घेऊन. आतापर्यंत एकसुद्धा मूल मागे राहिलेलं नाही. शपथ."

हे खरं असणार. ती कामाला चोख आहे. राग होता तसाच होता, पण त्याच्या तळाशी जरा धीर आल्यासारखं झालं. मी खुर्ची ओढून बसले.

"बरं. म्हणजे या अकरांनाही पुढच्या वर्षी तूच..."

तिने खिडकीबाहेर पाहिलं.

"झिपरे?"

"माझी बदली झालीय, बाई. मोठ्या शाळेत. मुख्याध्यापिका म्हणून."

"कधी कळलं?"

"महिना झाला पत्र येऊन. तुमची निवृत्ती, निरोप समारंभ झाला की सांगणार होते. त्याआधी कशाला, म्हटलं."

"आणि ही पोरं?"

"येईल ना कुणीतरी," ती म्हणाली आणि चहाचा घोट घेतला.

चार वर्षांचं एक वेळ मी गिळलं असतं. माझ्या नोकरीसाठी केलं, मला न विचारता केलं, पण केलं ते सांभाळून केलं. पण येईल ना कुणीतरी, हे शब्द ती कुठे शिकली ते मला कळेना. वर्ष संपायला चार दिवस उरले असताना तिच्यासाठी मी असं म्हटलं नव्हतं.

सुट्टीनंतर तपासणीच्या बाई आल्या. दोरीचा चष्मा, स्पष्ट आवाज, मुलांशी मऊ बोलणाऱ्या. माझ्या टेबलापाशी खुर्ची टाकून त्यांनी एकेकाला बोलावलं. त्यांच्याजवळच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे दोन रकाने होते. एक, स्वतः वाचते. दुसरा, जादा मदत हवी. दुसऱ्या रकान्यात खूण झाली की त्या मुलाला पुढच्या वर्षी रोज अर्धा तास वेगळी शिक्षिका मिळते. पहिल्यात झाली की त्याच्याकडे पुन्हा कुणी बघत नाही.

गुंडीची पानं मी तोवर फूटपट्टीच्या कडेने सोडवून ठेवली होती. ती ऐटीत आली. बोट ठेवून तिने पूर्ण धडा म्हटला, दुकानदाराचा आवाज जाडा काढून, बेडकीचा बारीक. शेवटच्या ओळीनंतर तिने तपासणीच्या बाईंकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"शाब्बास," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. मुलाने असं बघितलं की तेहतीस वर्षं तेच निघत आलं आहे.

खूण पहिल्या रकान्यात झाली.

सगळे संपल्यावर मी मुलांना मैदानावर पाठवलं. शेवटचं मूल दाराबाहेर जाईपर्यंत थांबले.

"तो तक्ता जरा बदलावा लागेल," मी तपासणीच्या बाईंना म्हणाले. "यातल्या अकरा जणांना अजून वाचता येत नाही. मी नावं सांगते."

"अहो, आत्ता माझ्यासमोर वाचलं की त्यांनी!"

"पाठ म्हटलं. पान झाकून विचारलंत तरी म्हणतील."

त्यांनी चष्मा काढला. दारात हेडसर कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे.

"बाई," ते हळूच म्हणाले, "महिना तर राहिलाय तुमचा."

"मुलांचं सगळंच राहिलंय, सर."

"भिंतीवरच्या चौकटी उतरवाव्या लागतील. लोक विचारतील."

"विचारू दे."

तपासणीच्या बाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "आणि मागची वर्षं? तेव्हाही असंच?"

"ते मला आज कळलं," मी म्हणाले. यापुढे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी एकेक नाव घेत गेले आणि त्या पहिल्या रकान्यातली खूण खोडून दुसऱ्यात करत गेल्या. गुंडीचं नाव मी शेवटी घेतलं. खाली माझी सही झाली.

बाहेर व्हरांड्यात झिपरी उभी होती. हातात दुसरीच्या वह्यांचा गठ्ठा, उगीचच धरलेला.

"माझं नाव घेतलंत?" तिने विचारलं.

"नाही."

तिने श्वास सोडला. किती नावं दिली, कुणाकुणाची, हे तिने विचारलं नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. वाट पाहायची मला सवय आहे. मग मी वर्गात जाऊन फळा पुसला.

शाळा सुटली तेव्हा गुंडीचे वडील फाटकापाशी आले होते. ते गवंडी आहेत. एरवी कामावरून उशीर होतो म्हणून शेजारीण न्यायला येते. आज ते स्वतः आले होते, हात धुऊन, तरी कोपरापर्यंत सिमेंट वाळलेलं.

"बाई!" ते लांबूनच म्हणाले. "अहो काल काय कमाल केली हिने. पुस्तक स्वतःकडे धरून अख्खा धडा वाचला. आईला दोनदा, मग आजीला फोनवर. आजी तर रडायलाच लागली. आमच्या घरात एवढ्या लवकर कुणी वाचलं नाही हो. मला स्वतःला चौथीपर्यंत धड येत नव्हतं. आज म्हटलं, खाडा झाला तर झाला, बाईंना भेटायचंच."

गुंडी माझं बोट धरून उभी होती. मुलाच्या डोक्यावरून मोठ्यांनी त्याच्याविषयी बोलायचं नाही, हा मी नेहमी पाळलेला नियम. गुडघे आता साथ देत नाहीत, तरी मी खाली उकिडवी बसले.

"गुंडी, कासवाचा धडा तुला छान पाठ झालाय. पण ते वाचणं नव्हे, बाळा. वाचायला आपल्याला अजून थोडं शिकायचंय. उद्यापासून तू आणि मी रोज बसू. जमेल तेवढं करू, उरलेलं पुढच्या वर्षी एक नवीन बाई घेतील."

"मला येतं वाचता."

"येईल. अजून आलेलं नाही."

तिने वर वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथेच होतं, काय करावं ते न कळल्यासारखं.

"पण तुम्ही शाब्बास म्हणालात," गुंडी म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"हो."

"खोटं म्हणालात?"

"हो. चुकलं माझं."

तिने माझं बोट सोडलं. झटकलं नाही, नुसतं सोडलं, आणि वळसा घालून वडिलांच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"मग काल हिने..." वडील म्हणाले आणि थांबले. "बरं. बरं, बाई. तुम्ही म्हणता तर तसंच असेल." त्यांनी तिचं दप्तर आपल्या खांद्याला अडकवलं. ते फारच लहान होतं, बंद खांद्यावर बसेना, शेवटी त्यांनी ते हातातच धरलं. "आजीला काय सांगू मी?"

उत्तराची वाट न बघता ते निघाले. रस्ता ओलांडताना त्यांनी गुंडीसाठी हात पुढे केला, तिने तो धरला नाही, तेव्हा ते तिच्याच पावलांनी, लहान लहान पावलं टाकत, तिच्या शेजारून चालत गेले. मी फाटकाच्या गजाला धरून उठायचा प्रयत्न करत होते. वळणावर त्यांनी मागे पाहिलं, मला अजून खालीच बसलेली पाहून क्षणभर थांबले, मला हात द्यायला परत यावं की पोरीबरोबर जावं असं त्यांना झालेलं दिसलं. मी हातानेच त्यांना जा म्हटलं.