फॉर्मवरचं ‘नाही’

“मॅडम, तुम्हाला त्या फोटोत खरंच दिसतं, की नुसतं ठोकून देता?”

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज माझ्या वर्गातल्या अक्षदा आणि रोशनीने लावली होती. त्यांना वाटलं, मी टरकणार. आठवीपर्यंत मी हजेरीसुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायचे, त्यामुळे त्यांचंही बरोबर होतं. पण गॅदरिंगला निवेदन केल्यापासून माझा माईक काही बंद होत नाही.

बाबांनी मला चिमटा काढला. एमआरआय सेंटरच्या डॉक्टर सेलिन मात्र हसल्या. “खुर्ची ओढ इकडे. तूच बघ.”

स्क्रीनवर माझ्या आजाची प्रोस्टेट ग्रंथी होती, सोललेल्या अक्रोडासारखी.

“कडेचा हा भाग उजळ आहे ना? आणि इथे काळा डाग. कॅन्सर असा दिसतो.”

“म्हणजे आहे?” बाबा स्क्रीनकडे झुकले.

“संशय आहे. पाचपैकी चार. पण मला त्या संशयाचाच संशय येतोय.” त्यांनी दुसरं चित्र लावलं. त्यात तीच जागा चमकत होती. “साचलेलं रक्त इथे चमकतं आणि पहिल्या चित्रात काळं दिसतं, थेट कॅन्सरसारखं. सुईने तुकडे काढले की असं रक्त काही आठवडे राहतं. म्हणून तर फॉर्मवर विचारतो, आधी बायोप्सी झाली आहे का. तुम्ही ‘नाही’ लिहिलंय.”

“नाहीच झालीय,” बाबा म्हणाले.

माझा माईक बंद. कारण ते ‘नाही’ माझ्या अक्षरात होतं. बाबांनी सांगितलं, मी लिहिलं.

तीन आठवड्यांपूर्वीच तुळिंजच्या डॉक्टरांनी आजाचे बारा तुकडे काढले होते. सगळे साफ. तरी ते म्हणाले, दोन महिने थांबा, मग एमआरआय करा. तिथेच बाबांच्या डोक्यात किडा वळवळला. साफ आहे तर परत कशाला? म्हणून दोन महिने न थांबताच त्यांनी हे सेंटर गाठलं.

बाबा वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. नवा कारागीर आला की ते त्याला मुद्दाम बिघडलेला पार्ट देतात आणि गप्प बसतात. चूक स्वतःहून पकडली तर माणूस खरा. एमआरआयवाल्यांनाही त्यांनी तसंच तपासायला घेतलं होतं. फक्त पार्टच्या जागी आजा होता.

“ठीक आहे,” डॉक्टर सेलिन माझ्याकडे बघत म्हणाल्या. “उद्या अकराला रिपोर्टवर सही करते. तोवर काही आठवलं तर सांगा.”

फुलपाड्याला घरी येईपर्यंत स्कूटरवर बाबा खूश. “बघितलंस? न सांगता तिने रक्त ओळखलं. बाई हुशार आहे.”

“मग सांगून टाकायचं ना.”

“आणि तुळिंजवाल्याने सांगितलेलं ऐकून तिनेही साफ म्हटलं तर? थांब जरा. बघू, काय सही करते.”

आजा पायरीवर बसला होता. “बाय, काय बोलली डाक्टरीन?”

“उद्या कळंल,” बाबांनी परस्पर सांगितलं.

स्वयंपाकघरात ते आईला हळूच म्हणाले, “चार आला तर मी थांबणार नाय. ऑपरेशन.”

“आणि नुसतं रक्त असलं तर? त्या वयात उगाच कापाकापी?”

“आणि थांबलो, नि वाढला तर?” ते भिंतीकडे बघत होते. तेव्हा कळलं, बाबा कोणालाच तपासत नव्हते. घाबरले होते. जो खरं बोलेल असं वाटावं, असा एकही माणूस त्यांना सापडत नव्हता.

मी तुळिंजची फाईल कपाटातून काढली आणि ओट्यावर ठेवली.

“आई, बाबा, उद्या मी शाळेत जाणार नाही,” मी म्हणाले. “अकराच्या आत आजाला आणि ही फाईल घेऊन मॅडमकडे जाणार. रिक्षात आजालाही सगळं सांगणार. तुम्ही यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.”