तीन ठिपके

रंग सुटता सुटत नव्हता. मिस्त्रींनी फडक्यावर पुन्हा औषध घेतलं आणि पुढच्या चाकाच्या फोर्कवर, बोल्टच्या भोकापाशी, नेटाने घासायला सुरुवात केली. हँगरच्या दारात गुरांची डॉक्टर किल्ली बोटात फिरवत उभी होती.

"काका, नवाच दिसतोय की तो. कशाला खरवडताय?"

"नवा दिसतोय म्हणूनच खरवडतोय. ही विमानं बनवणारी कंपनी बुडून वीस वर्षं झाली. नवा येईल कुठून?"

फोर्क म्हणजे चाक ज्यात बसतं तो दोन पायांचा ओतीव तुकडा. सायकलला असतो तसाच, पण विमान उतरताना नाकाचा सगळा भार या तुकड्यावर येतो. विमान चार माणसांचं, एका इंजिनाचं, डॉक्टरच्या वडिलांनी हौसेने घेतलेलं. वडील गेल्यावर ते तिने कामाला लावलं. डोंगरापलीकडे गुरांची दोन केंद्रं होती. रस्त्याने आठ तास, विमानाने चाळीस मिनिटं. ती स्वतः उडवायची आणि मिस्त्री एकतीस वर्षं त्याची देखभाल करत होते, आधी बापासाठी, मग लेकीसाठी.

पाच महिन्यांपूर्वी वार्षिक तपासणीत त्यांनी जुन्या फोर्कला लाल औषध लावलं, पुसलं, वर पांढरी पूड मारली, आणि पुडीवर केसासारखी लाल रेघ उमटली. तडा. तेव्हापासून विमानाचं नाक लाकडी घोडीवर टेकलेलं होतं. मिस्त्रींनी जिथे जिथे ओळख होती तिथे तिथे विचारलं. कुणाच्या गोदामातलं खोकं, कुणाचं शेतात पडून राहिलेलं विमान, कुठेच फोर्क मिळेना. मागच्या महिन्यात एक अडलेली गाय डॉक्टर वाटेत असतानाच गेली. आणि काल अखेर एका व्यापाऱ्याकडून हा फोर्क आला. चकचकीत, पिवळ्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर 'तपासून योग्य', खाली सही, शिक्का.

रंग सुटला तसा मिस्त्रींचा हात थांबला.

"बॅटरी दे जरा."

तिने बॅटरी धरली. भोकाच्या कडेला, धातूत, तीन बारीक खड्डे होते. त्रिकोणात.

"काय आहे ते?"

"माझे ठिपके आहेत," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की तिला पुन्हा विचारावं लागलं.

नापास केलेल्या भागावर कुणी लाल रंग मारतं, कुणी चिठ्ठी बांधतं. रंग पुसता येतो, चिठ्ठी फाडता येते, म्हणून मिस्त्री पंच आणि हातोडीने तीन ठिपके मारायचे. त्यांनी कपाटातून जुन्या डायऱ्या काढल्या. अकरा वर्षांपूर्वीची नोंद सापडली, ते फ्लाइंग क्लबचीही विमानं तपासायचे तेव्हाची. फ्लाइंग क्लबचं याच बनावटीचं विमान दणकून उतरलं होतं, फोर्कला तडा गेला होता, तो त्यांनी नापास केला होता. आता त्यांनी समोरच्या फोर्कला लाल औषध लावून पूड मारली. वेल्डिंगने बुजवलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना तडा स्पष्ट उमटला. कुणीतरी तो बुजवला होता, कानशीने घासून सपाट केला होता, रंगवला होता आणि वर शिक्का मारला होता.

"माणसं आहेत की कोण," मिस्त्री म्हणाले. "गाईच्या डॉक्टरला मारायला निघालेत."

डॉक्टरने पिवळी चिठ्ठी उलटून पाहिली. मग म्हणाली, "पलीकडचा हँगरवाला म्हणाला होता, तो कागद बघून बसवून देईल. त्याने रंग काढलाच नसता."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही रागावता काका, पण आठ तास गाडीत मी बसते. तिकडे जनावर माझी वाट बघतं."

"बस गाडीत," मिस्त्री म्हणाले. "आठ तासांनी पोचशील तरी."

ती किल्ली खिशात टाकून निघून गेली. तिचा राग आपल्यावर आहे हे मिस्त्रींना कळलं, पण त्यांना स्वतःच्याच रागापुढे दुसरं काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते फोर्क पिशवीत घालून व्यापाऱ्याच्या दुकानात गेले. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी. व्यापाऱ्याने ठिपके बघितले, चष्मा कपाळावर चढवला.

"कागद आहे ना, मिस्त्री?"

"कागद खोटा आहे."

"सही आहे, शिक्का आहे. मी थोडाच भिंगातून बघत बसतो? जुन्या विमानांचं असंच असतं. तुम्हाला नको तर परत द्या. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

मिस्त्रींनी टेबलावरचा फोर्क पुन्हा पिशवीत टाकला. "त्या गिऱ्हाइकालाही मान एकच असेल ना हो? कुठून आणलात हा?"

"क्लब बंद झाला तेव्हा लिलाव झाला. त्यांच्या स्टोअरमध्ये होतं नव्हतं ते सगळं उचललं आम्ही."

"सगळं?"

"झाडून सगळं."

मिस्त्री तिथून थेट विमान तपासणी खात्याच्या कचेरीत गेले. पाऊण तास बाकावर बसल्यावर अधिकाऱ्याने आत बोलावलं. माणूस सभ्य होता. त्याने फोर्क उलटापालटा करून पाहिला, डायरीतली नोंद वाचली, आणि अगदी शांतपणे विचारलं, "नापास केलात त्याच दिवशी तोडून का नाही टाकला?"

मिस्त्रींकडे जगातल्या सगळ्या लबाडांसाठी उत्तरं होती. या प्रश्नावर त्यांना तो दिवसच आठवला. क्लबचा मॅनेजर तेव्हा म्हणाला होता, "राहू द्या मिस्त्री, सगळं एकदमच मोडीत काढू." संध्याकाळ झाली होती, घरी मुलीला ताप होता. त्यांनी फोर्क स्टोअरच्या फळीवर ठेवला होता आणि निघून आले होते.

"चुकलं," ते म्हणाले.

"ठीक आहे. तक्रार लिहून द्या. भाग इथे जमा करा, पावती देतो."

"जमा करून ठेवणार कुठे?"

"स्टोअरमध्ये."

"तुमच्याकडे व्हाइस आहे का?" मिस्त्रींनी विचारलं.

अधिकाऱ्याला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो खुर्चीतून उठला. "अहो, पुरावा आहे तो."

"फोटो काढा, हवे तितके. अर्धा पुरावाही पुरावाच असतो. अख्खा ठेवलात तर पुन्हा उडेल. स्टोअरवर मी एकदा विश्वास ठेवलाय साहेब."

शेवटी कचेरीच्या मागे, जिथे खात्याच्या गाड्या दुरुस्त व्हायच्या, तिथल्या टेबलाला जोडलेल्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात मिस्त्रींनी फोर्क आवळला. ड्रायव्हर लोक गोळा झाले. कुणी लोखंड कापायचा हॅकसॉ आणून दिला. पासष्टीचा माणूस भर उन्हात वीस मिनिटं कापत राहिला, कुणी मदत करायला पुढे आलं तर त्याला हाताने बाजूला करत राहिला. तुकडा खाली पडला तेव्हा त्यांच्या तळहाताला फोड आला होता. कारकुनाने एक तुकडा जमा करून घेत पावतीवर लिहिलं, 'फोर्क, एक नग.'

"एक नाही. अर्धा लिहा," मिस्त्री म्हणाले.

घरी आल्यावर बायकोने हात बघितला, हळद लावली आणि तोंड सोडलं. "तुमच्या संतापाने आजवर कुणाचा केस तरी वाकडा झालाय का? तो व्यापारी सुखाने जेवला असेल. तुमच्याच हाताला फोड."

"मीच ठेवला होता तो त्या फळीवर," मिस्त्री म्हणाले.

तिने हातावर हळूच फडकं गुंडाळलं.

त्या आठवड्यात त्यांनी डायऱ्यांतून क्लबसाठी नापास केलेला प्रत्येक भाग शोधून काढला. हा फोर्क धरून सात होते. त्या बनावटीची विमानं ज्यांच्याकडे आहेत अशा मालकांचे पत्ते जमवले आणि चौदा जणांना हाताने पत्रं लिहिली. पत्रात कुठला भाग, कुठे बघायचं, ठिपके कसे दिसतात त्याचं चित्र, आणि सापडला तर भाग तोडून पाठवा अशी विनंती.

उत्तरं आली ती अशी. एकाने लिहिलं, 'आमचं विमान उत्तम आहे. निष्कारण भीती पसरवू नये.' दुसऱ्याने विचारलं, या सगळ्यात तुमचा फायदा काय. व्यापाऱ्याने वकिलाकरवी नोटीस धाडली, अब्रू गेली म्हणून. खात्याकडून 'प्रकरण विचाराधीन आहे' एवढंच आलं. मिस्त्री प्रत्येक कागद वाचून टेबलावर आपटायचे आणि दिवसभर कुणाशी धड बोलायचे नाहीत.

डॉक्टर गाडीनेच जात होती. एकदा परतताना हँगरवर आली. डोळे लाल, बूट चिखलाने भरलेले. विमानाकडे न बघता खोक्यावर बसली.

"आज वासरू वाचलं," ती म्हणाली. "पहाटेच निघाले होते." थोड्या वेळाने म्हणाली, "काका, त्या दिवशी मी बोलले ते..."

"बरोबरच बोललीस. पाण्याची बाटली तिकडे आहे."

मग एका दुपारी पार्सल आलं. लहानसं खोकं, सुतळीने घट्ट बांधलेलं. मिस्त्रींनी ते ओसरीत बसून उघडलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुकाणूची बिजागरी होती. विमानाच्या शेपटीला असते ती. मधोमध कापलेली. दोन तुकडे जुळवले तर कडेला ठिपके दिसत होते. खाली वहीचा एक कागद होता, अक्षर मास्तरकीतून निवृत्त झालेल्या माणसाचं वाटावं असं वळणदार.

'आपले ठिपके होते. मी दर रविवारी नातीला घेऊन उडत होतो, तीन वर्षं. आपण लिहिलंत तसं तोडून पाठवत आहे. माझ्याकडे व्हाइस नाही, म्हणून काप वाकडा गेला आहे, क्षमस्व.'

मिस्त्रींनी कागद दोनदा वाचला. मग तो बायकोकडे दिला आणि तोंड फिरवून बसले. आतल्या आत काहीतरी बोलत होते, व्यापाऱ्याला की मॅनेजरला की स्वतःला, ते तिला ऐकू आलं नाही.

तिने चष्मा लावून कागद वाचला. पुन्हा वाचला. मग आत जाऊन कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि पेन घेऊन आली, त्यांच्यासमोर पाट ओढून बसली.

"सातांतले दोन झाले," ती म्हणाली. "कितीजणांना लिहायचं राहिलंय अजून?"

"ज्यांचे पत्ते तेव्हा मिळाले नव्हते, आता मिळालेत ते. बावीसएक असतील."

"रागात तुमचं अक्षर बिघडतं. मी लिहिते. तुम्ही सांगा."

मिस्त्रींनी डायरी उघडली आणि ते पहिल्या भागाचा क्रमांक सांगायला लागले.

"हळू," ती म्हणाली. "आकडे चुकायला नकोत."