लोखंडाला हात

सीमेजवळच्या बेन गर्दान गावाच्या रस्त्यावर हिवाळ्यात वाळवंटाकडून कोरडं वारं सुटलं की म्हातारा धाऊ कुणाशी हात मिळवत नसे. गाडीतून उतरलेल्या माणसाला तो आधी खांब दाखवी. खांब म्हणजे जमिनीत ठोकलेला लोखंडी पाइप. त्याच्या बुडाशी धाऊ रोज सकाळी तांब्याभर पाणी ओती. मागे त्याच्या ठेल्यावर सीमेपलीकडून आणलेल्या पेट्रोलचे कॅन मांडलेले असत.

"आधी लोखंडाला हात, मग पेट्रोल."

"काका, पेट्रोल घ्यायलाही नमाजाआधी करतात तशी वजू करावी लागते का तुमच्याकडे?" गिऱ्हाईक हसे.

"हसून घे. पलीकडच्या ठेल्यावर न हसता जळशील."

धाऊचा थोरला, सालाह, इथेच जळाला होता. सीटवर कपडे घासत उतरला आणि तसंच पत्र्याच्या नरसाळ्याला बोट लावलं. अंगात साठलेल्या विजेची बोटातून ठिणगी उडाली, पेट्रोलच्या वाफेनं पेट घेतला. त्याला ओढून काढताना म्हाताऱ्याची बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. आता ठेला जावई बेल्गासेम बघायचा. वरच्यानं सालाहला नेलं, निदान याला तरी नेऊ नये, एवढंच धाऊचं मागणं होतं.

बेल्गासेम चेष्टा करी, पण ऐकेही. "मामा, एक खांब घराच्या दारातही गाडा. तुमची लेक विनाकारण चटके देते."

"तिच्यापुढं लोखंडही वितळतं, बाबा. तू सांभाळून राहा."

त्या सकाळी बेल्गासेमला माल आणायला सीमेवर जायचं होतं. रात्री तो पाठ आखडून घरी येतो म्हणून त्याच्या बायकोनं, मबरूकानं, गाडीच्या सीटवर मऊ केसांचं नायलॉनचं नवं कांबळं अंथरलं होतं. बेल्गासेम उतरला, खांबाला दोन्ही हात लावले, म्हाताऱ्याला तळवे दाखवले. "झालं समाधान?"

धाऊनं मान हलवली.

टाकीत नरसाळं बसवून बेल्गासेमनं पहिला कॅन ओतला. वारं हाडात शिरत होतं. फोन वाजला तसा तो रिकामा कॅन खाली ठेवून गाडीत जाऊन बसला. धाऊनं ते पाहिलं, पण त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरानं हात तर लावला होता. तो दुसरा कॅन कोपरांत धरून ओढायला मागे गेला.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग काडी मोडावी तसा बारीक आवाज. आणि मग पाठीला ऊब लागली.

धाऊ वाळूची बादली घेऊन धावला. त्या बोटांनी बादली कशी उचलली हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. जॅकेट बेल्गासेमच्या अंगाला चिकटलं होतं. तो ओरडत नव्हता, नुसता म्हाताऱ्याकडे बघत होता, काहीतरी विचारायचं असल्यासारखा. शुक्रवारपर्यंत तो टिकला.

"बाबा, त्यानं खांबाला हात लावला होता ना?" मबरूकानं मातीनंतर विचारलं.

"लावला होता."

"मग?"

"परत आत बसला. उतरल्यावर पुन्हा लावायचा राहिला. एकदा लावला की झालं, असंच मी सगळ्यांना सांगत आलो."

"माझ्या कांबळ्यामुळं तर नाही ना?"

"नाही. वाऱ्यामुळं," धाऊ म्हणाला.

विधवेनं घरात राहून पाळायची इद्दत संपली तशी मबरूका ठेल्यावर येऊ लागली. कॅन उचलायला दुसरं होतं कोण?

पुढच्या हिवाळ्यात, पहिलं कोरडं वारं सुटलं त्या दिवशी एक गाडी थांबली. ड्रायव्हर खांबाला हात लावून आला. मबरूकानं कॅन त्याच्या हाती दिला आणि तिची नजर उघड्या दारातून आत गेली. सीटवर तसलंच कांबळं होतं. तिनं आत हात घालून ते उलट्या बाजूनं कुरवाळलं. केस बोटांमागे उभे राहिले, तडतडले.

तिनं बापाकडे पाहिलं. धाऊ स्वतःच्या बोटांकडे बघत बसला.

ती खांबाकडे गेली. बोट टेकताच चटका बसला, तरी तिनं हात काढला नाही. मग परत येऊन तिनं गाडीचं दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"बाई, सर की जरा. मरणाची थंडी आहे. निम्मं ओतून झालंय, मिनिटभर आत बसतो."

"उरलेलं ओत आधी."

"थंडीनं मरेन इथं."

"थंडीनं मेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही," मबरूका म्हणाली. टाकीचं झाकण लागेपर्यंत तिनं दाराला टेकलेली पाठ हलवली नाही.