हसऱ्या चेहऱ्याखाली

गुलाबराव सरांनी महामायाची पाटी रडक्या चेहऱ्याखालच्या खिळ्यावरून काढली आणि हसऱ्या चेहऱ्याखाली अडकवली. मग दोन पावलं मागं सरून, स्वतःच्या पोरीचं लग्न पार पडल्यासारखे ते भिंतीकडं पाहत राहिले.

"पाहा मॅडम, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खूश! आता येऊ द्या तपासणीच्या साहेबाले."

वर्गशिक्षिका सारिकानं हजेरीपट उघडला. मुख्याध्यापकांशी वाद म्हणजे दगडावर डोकं आपटणं. चेहऱ्यांचा हा तक्ता प्रशिक्षणातून आला होता. रोज सकाळी पोरांनी आपल्या नावाची पाटी हसऱ्या, रडक्या नाहीतर रागीट चेहऱ्याखाली लावायची, म्हणजे म्हणे त्यांचं मन कळतं. सरांना त्यातला वर पाठवायचा फोटो तेवढा कळला होता.

चौथीतली महामाया तीन आठवडे रोज रडक्या चेहऱ्याखाली पाटी लावत होती. तिची आई अकोल्याच्या दवाखान्यात आहे, हे सारिकाला ठाऊक होतं. सर रोज ती पाटी हलवत आणि सारिका मनातल्या मनात रोज त्यांची टर उडवी. तेवढं केलं की तिला बरं वाटे.

साहेब अकराला आले. तक्ता पाहून त्यांनी वर्गाला विचारलं, "आज कोणी उदास आहे का?"

"नाही, साहेब!" दोन दिवसांच्या तालमीप्रमाणे वर्ग ओरडला.

महामाया उठली. तक्त्यापाशी गेली, पाटी काढली आणि रडक्या चेहऱ्याखाली लावली. सरांचं तोंड एवढंसं झालं.

पण साहेब खुलले. "वा! याला म्हणतात मोकळेपणा! ये बेटा, इकडं उभी राहा. पाटी दिसू दे नीट."

फोटो निघाला. टाळ्या झाल्या.

"आम्ही लेकरांले बोलतं करतो, साहेब," सर हात जोडून म्हणाले. सरडासुद्धा रंग बदलायला थोडा वेळ घेतो, मेल्या, असं सारिकाच्या अगदी ओठांवर आलं. टाळ्या मात्र तिनंही वाजवल्या.

साहेबांची गाडी गेली, सर त्यांना पोचवायला फाट्यापर्यंत गेले. महामाया तक्त्यापाशीच उभी होती.

"मॅडम, आता कवा जाचं?"

"कुठं गं?"

"आईकडं. रडक्यापाशी पाटी लावली का तुमाले समजते, असं तुमीच सांगतलं ना? साहेबाले बी समजलं आज. मंग आता अकोल्याले कोन नेते मले?"

सारिकानं टेबलावरची प्रशिक्षणाची पुस्तिका उचलली, दोन पानं उलटली आणि ठेवून दिली.

"बघू," ती म्हणाली.

महामाया तक्त्याकडं वळली. मग तिनं आपली पाटी काढली आणि टाचा उंचावून हसऱ्या चेहऱ्याखाली नीट अडकवली.

"इथंच राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "सरले रोज तरास होते."